हाक मारलीस का?

या शहरात बसने फिरणारा प्रत्येक माणूस माझं ऐकतो, ऐकत नाहीत ती फक्त माझ्या घरातली दोन माणसं, असं मी पूर्वी चारचौघांत म्हणायचे. लोक हसायचे आणि मला ते आवडायचं. "पुढचा थांबा, ग्रंथालय." "उतरताना पायरीकडे लक्ष द्या." हा आवाज माझा. दुकानात मी काही मागितलं की मागे उभी असलेली बाई मान वळवून बघते. हा आवाज कुठेतरी ऐकलाय, असं तिच्या चेहऱ्यावर उमटतं आणि मी मुद्दाम आणखी दोन वाक्यं बोलते. मिरवायची हौस आहे मला, नाही कशाला म्हणू?

काम मात्र दिसतं तेवढं सोपं नाही. भिंतींना स्पंज लावलेली एक लहानशी खोली, पंखा बंद, कारण त्याची घरघर आत येते. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. प्रत्येक थांब्याचं नाव दोन तऱ्हांनी म्हणायचं. एकदा शेवट वर ठेवून, म्हणजे पुढे आणखी काही यायचं असेल तेव्हा ते वापरता येतं. एकदा शेवट खाली सोडून, म्हणजे वाक्य तिथे संपतं. मग हे सगळे तुकडे मशीनवर जोडतात. 'पुढचा थांबा' मी एका दिवशी म्हटलेलं असतं आणि 'न्यायालय' सर्दी उतरल्यावर कधीतरी. बसमध्ये बसलेल्याला वाटतं, बाई एका दमात बोलली.

सुरुवातीला माईक तपासावा लागतो. बाकीचे लोक एक, दोन, तीन म्हणतात. मी माझ्या मुलीचं नाव घ्यायचे. कागदावरचं नाही, घरचं. भिंगरी. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून तिच्या बाबाने ठेवलेलं. ते नाव घेतलं की घसा आपोआप मोकळा होतो. रेकॉर्डिंगवाला काचेतून अंगठा दाखवायचा आणि आम्ही कामाला लागायचो.

नवरा कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करतो आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे दाखवतो, म्हणजे विनोद करतो. त्याच्या कपड्यांना कायम पांढरी भुकटी लागलेली असते. मी तापट, तो थंड, आणि भिंगरी दोघांच्या मधली. बरं चाललं होतं आमचं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना एकदा ती घरात शिरली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात आली.

"कशाला बोलावलंस?"

"मी? कधी?"

"बसमध्ये. ग्रंथालयाच्या थांब्याला. भिंगरी म्हणालीस."

नवरा तिथेच चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "बघा, आता आईची हाक ऐकायलासुद्धा तिकीट काढावं लागतंय!" आम्ही तिघंही हसलो. ती जरा उशिरा हसली. मग म्हणाली, "आई, तू माझं नाव तिथे कधी रेकॉर्ड केलंयस?"

"दर वेळी करते की! माईक तपासायला तुझंच तर नाव घेते. जोडणाऱ्याच्या हातून एखादा तुकडा गेला असेल मध्येच. आता तूसुद्धा एक थांबा झालीस."

दुसऱ्या कुठल्याही घरात आईबापांचे कान टवकारले असते. पोरगी म्हणते, आई घरी असताना मला तिचा आवाज बसमध्ये ऐकू आला, म्हणजे काय? आमच्या घरात मात्र ती गोष्ट चपखल बसली. माझा आवाज बसमध्ये ऐकू येणं हे आमचं रोजचंच होतं, त्यात नवल ते कसलं?

मग ती बसने जायची बंद झाली. चालत जाऊ लागली. व्यायाम होतो, म्हणाली. हळूहळू तिचं जेवणावरचं लक्ष उडालं, झोप उडाली. मैत्रिणींचे फोन वाजत राहायचे आणि ती फोन उशीखाली सारायची. मी घरात मोठ्याने बोलायला लागले की ती दचकून माझ्या तोंडाकडे बघायची, ओठ हलताहेत का ते पाहिल्यासारखी. माझी बहीण म्हणाली, वयच तसं असतं, कुणीतरी मनात भरला असेल. मला तेवढंच हवं होतं. वर्गात गैरहजेरी लागली तेव्हा मी तिच्यावर अशी काही उखडले की शेजारणीने खिडकी लावून घेतली. भिंगरी एक शब्द बोलली नाही. पूर्वी ती एकाला चार ऐकवायची.

एका सुट्टीच्या सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर फोन ठेवला.

"हे ऐक."

बसची घरघर, कुणाचा तरी खोकला, आणि मग मी. पुढचा थांबा, ग्रंथालय.

"हं. 'ग्रंथालय' जरा नाकात गेलंय," मी म्हणाले.

"माझं नाव आहे का त्यात?"

"नाही."

"नीट ऐक. परत ऐक."

मी परत ऐकलं. खोकला, मी, दार उघडल्याचा आवाज. नाव कुठेच नव्हतं.

"आत्ता मलाही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "पण बसमध्ये आलं होतं, आई. तुझ्याच आवाजात. म्हणून तर रेकॉर्ड केलं. चालत जायला लागण्याआधी खूप वेळा केलं. एकदाही त्यात नाही." ती टेबलाची कड नखाने कुरतडत होती. "घरातही तुझा आवाज येतो. तू घरात नसताना. मला कळतं की तो खरा नाही. पण तो येतो तेव्हा खराच असतो. मग वाटतं, तू आणि बाबा मिळून मला फसवताय. मग वाटतं, छे, असं कसं असेल. मला भीती कशाची वाटते माहितीये? एक दिवस मला ते 'छे' वाटायचं बंद होईल."

नवरा टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. तो येऊन तिच्या शेजारी बसला आणि त्याने तिचा तो कुरतडणारा हात आपल्या हातात धरून ठेवला.

कॉलेजच्या दवाखान्यातल्या नर्सने आम्हाला एका केंद्राचा पत्ता दिला. मनाचं दुखणं नुकतं डोकं वर काढतंय अशा तरुण मुलांसाठीच ते होतं. पहिल्या मजल्यावर दोन-तीन साध्या खोल्या, गुबगुबीत खुर्च्या, खिडकीत कुंड्या. पाटीवर भीती वाटावी असा एकही शब्द नव्हता. तिथली समुपदेशक माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. सगळी मुलं तिला ताई म्हणत. ती भिंगरीशी एकटीने खूप वेळ बोलली, मग डॉक्टर बोलले, मग आम्हाला आत बोलावलं.

"वेड लागलंय का माझ्या मुलीला?" मी विचारलं. असंच विचारलं, सरळ. मला आडून आडून बोलता येत नाही. नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला.

"नाही," ताई म्हणाली. "याला आजार म्हणायची वेळ आलेली नाही, आणि कदाचित येणारही नाही. पण धोका आहे. तो नाकारून चालणार नाही. धोका आहे तेवढ्यातच तुम्ही आलात, हे चांगलं झालं. बरेच लोक फार पुढे गेल्यावर येतात."

"आम्ही कुठे आलो? तिनेच आणलं."

"तेच तर. तिला शंका आली, तिने ती तपासून पाहिली आणि तुम्हाला येऊन सांगितली. ही ताकद तिच्यात शाबूत आहे. आपल्याला तीच जपायची आहे."

औषध लगेच नको, असं डॉक्टरांचं मत पडलं. गरज वाटली तर पुढे बघू. आधी झोप सुधारायची, कॉलेजचा भार थोडा कमी करायचा, दर आठवड्याला इथे येऊन बोलायचं. काही वाढतंय असं वाटलं तर थांबायचं नाही, लगेच कळवायचं. आमचं काय चुकलं, असं मी विचारलं. ताई म्हणाली, "चूक शोधायला आपण इथे बसलेलो नाही." मला ते पटलं नाही, पण बरं वाटलं.

घरी परतले ती मनाशी एक पक्कं करूनच. पोरीला माझ्या आवाजाचा त्रास होतोय ना? मग आवाज बंद. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. लागेल तेवढंच, तेही नवऱ्याजवळ, हळू आवाजात. जेवायला बोलवायचं असेल तर त्याला खुणावायचे. त्याला वाटलं, हिचा घसा बसलाय. बसवाल्यांच्या ऑफिसात जाऊन, कॉलेजच्या मार्गावरचा माझा आवाज काढा, असंही सांगून आले. तिथला साहेब म्हणाला, "बाई, लोक स्वतःचा आवाज लावून घ्यायला धडपडतात, आणि तुम्ही काढायला सांगताय?" गाड्या मार्ग बदलतात, आवाज सगळीकडे एकच असतो, त्याला एका मार्गावर गप्प करता येत नाही, असं त्याने मला समजावलं. शेवटी मीच हात हलवत त्या ऑफिसातून बाहेर पडले. आणि स्टुडिओत माईकसमोर मी एक, दोन, तीन म्हणाले. रेकॉर्डिंगवाल्याने काचेतून भुवया वर केल्या, पण विचारलं काही नाही. त्या दिवशी मला प्रत्येक थांबा चार चार वेळा म्हणावा लागला.

हाक ही गोष्ट किती वेळा आपल्या घशाशी येते, हे ती मारायची नाही असं ठरवल्यावर कळतं. चहा उकळला की येते. तिचा आवडता टॉप वाळून दोरीवरून काढला की येते. खिडकीतून कुणाचा तरी कुत्रा विचित्र चालताना दिसला की येते, कारण असलं काही ती सोडून दुसऱ्या कुणाला दाखवण्यात मजा नसते. आली की गिळायची. ती शाळेत असताना मी याच खिडकीतून हाक मारायचे. गल्लीच्या टोकाला खेळणारी पोरगी एक बूट पायात, एक हातात अशी धावत यायची. धापा टाकत विचारायची, "काय?" आणि बऱ्याचदा काहीच नसायचं. उगाच मारलेली असायची हाक. ती चिडायची, मी हसायचे.

आता ती शेजारच्या खोलीत होती आणि मला तिची आठवण येत होती. दूरदेशी गेलेल्या माणसाची यावी तशी. तिच्या दाराबाहेर मी धुतलेल्या चादरी घेऊन उभी राहायचे, आतल्या खुर्चीची करकर ऐकायचे आणि चादरी तिथेच स्टुलावर ठेवून परत फिरायचे. मला माझी मुलगी हवी होती. समोर असून हवी होती. आणि मला वाटत होतं, मी हे तिच्यासाठीच करतेय.

ती मात्र आणखीच खोलीत राहायला लागली. झोप थोडी सुधारली होती, ताईशी ती बोलत होती, पण घरात तिची सावली तेवढी फिरायची. मग ताईने आम्हा तिघांना एकत्र बोलावलं आणि भिंगरीला विचारलं, "सध्या घरात सगळ्यात अवघड काय वाटतं?"

मला वाटलं, ती म्हणेल, आईचा आवाज.

"आई बोलत नाही," ती म्हणाली.

ती माझ्याकडे वळली. कित्येक दिवसांनी तिने माझ्या ओठांकडे न बघता डोळ्यांत बघितलं.

"तू गप्प बसलीस की माझ्याजवळ तुझा तो एकच आवाज उरतो ना! खोटा. तू बोलत नाहीस आणि तो बोलतो. मग मी कुणाचं ऐकू?"

मी ओक्साबोक्शी रडले. नवऱ्याने खिशातून रुमाल काढून दिला, तो नेमका कामावरचा. डोळे पुसले आणि सगळ्या तोंडाला पांढरी भुकटी फासली गेली. भिंगरीने माझ्याकडे बघितलं, तोंड दाबलं, आणि फिस्सकन हसली. मग ताईही हसली. मला स्वतःचं तोंड दिसत नव्हतं, पण ते हसू ऐकायला मी रोज अशी रंगून बसले असते.

तिथेच एक ठरलं, आणि ते भिंगरीनेच सुचवलं. तिला माझी हाक ऐकू आली आणि खात्री नसली, तर ती विचारणार, हाक मारलीस का? मी खरं काय ते सांगायचं. हो तर हो, नाही तर नाही. ताई म्हणाली, "चालेल. मात्र विचारायचं की नाही हे तिच्या हातात. तुम्ही तिच्या मागे लागायचं नाही, आज ऐकू आलं का, किती वेळा आलं, असं. आणि विचारण्याचंच प्रमाण फार वाढलं, तर आपण त्यावर बोलू. तुम्ही घरात पूर्वीसारखं बोला."

"रागवायचंसुद्धा?"

"पूर्वीइतकंच," ताई म्हणाली. "त्याहून जास्त नको."

"मग कठीण आहे," नवरा म्हणाला.

मी बोलायला लागले. समोर जाऊन, तोंडावर. जेवायला चल, केस विंचर, पंखा कोण बंद करणार? सगळं सुरू झालं. एवढी एक हाक मात्र मारता येईना. इथून तिथे, भिंतीपलीकडे, मी दिसत नसताना नुसता आवाज पाठवायचा, म्हणजे अगदी त्या दुसऱ्या, खोट्या आवाजासारखंच. माझी हाक तिला माझी वाटली नाही तर? ती दचकली तर? प्रत्येक वेळी मी उठून तिच्या खोलीपर्यंत चालत जायचे. नवरा म्हणायचा, तुझाच व्यायाम होतोय.

त्यामुळे ती विचारायची तेव्हा माझं उत्तर नेहमी एकच असायचं. ती दारात येऊन उभी राहायची, "आई, हाक मारलीस का?" आणि मी म्हणायचे, "नाही गं." ती मान हलवायची, "बरं," म्हणायची आणि परत जायची. शांतपणे जायची, ताईने शिकवल्याप्रमाणे श्वास घेत, स्वतःशी काहीतरी म्हणत. पण जाताना तिचे खांदे थोडे पडायचे. ते मला बघवायचं नाही. किती वेळा जिभेवर आलं, हो म्हणावं! एवढ्याशा खोट्याने काय बिघडणार? तिचं एक ऐकणं तरी खरं ठरेल. मी दगडावर डोकं आपटून घेतलं असतं, पण ते केलं नसतं. तिला धरून राहायला तेवढी एकच जागा होती, माझं खरं बोलणं, आणि ती मी हलू कशी देणार?

दिवस बरे-वाईट जात राहिले. कधी आठवडाच्या आठवडा ती काही विचारायची नाही. परीक्षा जवळ आली की पुन्हा विचारायची. ती निम्म्याच विषयांना बसली आणि निम्म्यात पास झाली. एका मैत्रिणीचा फोन तिने उशीखालून काढून उचलला. एकदा बसनेही जाऊन आली, बाबाचा हात धरून, आणि येऊन मला म्हणाली, "ग्रंथालय खरंच नाकात गेलंय." पुढे काय होईल हे ताईही छातीठोक सांगत नव्हती. डॉक्टरही नाही. आम्ही विचारायचं सोडलं होतं.

परवा दुपारची गोष्ट. नवरा कामावर होता. मी स्वयंपाकघरात खाली बसून संत्री सोलत होते. ती तिच्या खोलीत काहीतरी वाचत होती. दार उघडं होतं, पण मधल्या भिंतीमुळे आम्ही एकमेकींना दिसत नव्हतो. संत्रं गोड निघालं. इतकं गोड की हाक घशाशी आली, नेहमीसारखी. मी ती गिळली आणि उठायला म्हणून जमिनीला हात टेकला.

तेवढ्यात तीच दारात आली.

"आई, हाक मारलीस का?"

तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी भीती नव्हती. आशा होती. हो म्हण, असं तिचे डोळे म्हणत होते, आणि माझंही आतडं तेच म्हणत होतं.

"नाही," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. खांदे पडले. ती वळली.

"भि..." नाव मी अर्ध्यावरच सोडलं. "ऐक. नाही मारली. पण मारावीशी वाटत होती. आत्ताच नाही, केव्हाची वाटतेय. रोज वाटते."

ती पाठमोरीच उभी राहिली. मग मागे वळून तिने माझ्याकडे बघितलं, हातातल्या संत्र्याकडे बघितलं.

"मग मारत का नाहीस?"

"भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. थोडा विचार केला, आणि मग अगदी पूर्वीच्या तोऱ्यात म्हणाली, "थांब. मला आत जाऊन बसू दे. मग मार."

ती गेली. खुर्ची करकरली. घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. मी श्वास घेतला. इतकी वर्षं आवाजावर पोट भरणारी बाई मी, आणि मला एक नाव उच्चारायचं धैर्य गोळा करावं लागत होतं.

"भिंगरी!"

आत काही क्षण काहीच हललं नाही. ती ऐकत असणार, आलेला आवाज मनात उलटसुलट करून बघत असणार. मी पुन्हा हाक मारली नाही. संत्र्याची फोड हातात धरून बसून राहिले.

"ओ!" आतून आवाज आला. "आले!"

हाक मी मारली होती, आणि ती आली.